एकविसावा आणि अठ्ठाविसावा

पहाटे ४:४०

मागच्या खोलीत उजेड आहे. थर्माकोलच्या पेटीला पुढून काचेचा तुकडा बसवलाय, त्यातून पिवळा प्रकाश जमिनीवर पडतो. आत चाळीस वॉटचे दोन बल्ब. एक उडाला तर दुसरा धकवून नेतो. वर लाल आकड्यांत तापमान दिसतं: ३७.६. मावशी उकिडव्या बसून काचेला कान लावतात. आतून बारीक चिवचिव येते.

"रात्री अकरापासनं बोलाय लागल्यात," त्या म्हणतात.

पेटीत दोन जातींची अंडी आहेत. बदकाचं पिल्लू अठ्ठावीस दिवस घेतं, कोंबडीचं एकवीस. म्हणून बदकाची बारा अंडी आधी मांडली आणि बरोबर सात दिवसांनी कोंबडीची अठ्ठावीस. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन लाल फुल्या आहेत, तिथून मोजत आलं की दोन्ही हिशोब आजच्या चौकोनात येऊन मिळतात. बाकी चौकोनांत निळ्या पेनाने दुधाचे लिटर लिहिलेत. ते मावशींच्या मालकांचं अक्षर.

पेटी पुतण्याने केली, मोबाइलवर व्हिडिओ बघून. खोका औषधाच्या दुकानातला, फुकट मिळालेला. तापमान राखणारं यंत्र अडीचशेला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा शंभरला, वर वायर आणि होल्डर. सगळं मिळून पाचशेच्या आत बसलं. शिकायला मात्र खर्च आला: पहिल्या खेपेची अंडी उकडून निघाली.

सहा अंड्यांना टवके उडालेत. बदकाच्या एका अंड्याला कालपासून भोक आहे, त्यातून चोचीचं टोक दिसतं, पण काम पुढे सरकत नाही. कवच थोडं सोलून द्यावं असं मला वाटतं. मावशी झाकणावर हात ठेवतात.

"हात लावायचा न्हाई. आत्ता उघडलं की पापुद्रा वाळतोय. मग पिल्लू आतच चिकटून मरतंय."

पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी फोडतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. मग कवचाला टोचा मारतं आणि थांबतं. त्या थांबण्यात पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढलं जातं, उरलेलं बलक पोटात जातं. कोंबडीच्या पिल्लाला यात दिवसाचा बराचसा भाग लागतो, बदकाच्याला त्याहून जास्त. घाई करणाऱ्याच्या हातात रक्तबंबाळ पिल्लू येतं.

५:३०

खुराडं दगडमातीचं, वर पत्रा, पत्र्यावर धोंडे. दाराच्या फळीला खालून टिनाची पट्टी मारलीय, मुंगसासाठी. फळी उचलल्यावर कोंबडा आधी बाहेर येतो. मागून कोंबड्या, एकेक. मावशी मोजतात पण ओठ हलत नाहीत. बावीस. दोन घरात राहिल्यात, त्या पाट्यांत अंड्यांवर बसलेल्या.

बदकांचं दार बंदच ठेवतात. बदकीण अंडं घालते ती पहाटे, फार तर आठ-नऊपर्यंत. आधी सोडली तर अंडं ओढ्यात नाहीतर कुणाच्या गव्हात. आतून गलका होतो. मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज बसका. अंधारात दोघांना वेगळं करायचं तर तेवढ्यावर करता येतं. उजेडात नराच्या शेपटीवरचं वळलेलं पीस दिसतं.

म्हशीची धार काढून होईपर्यंत मावशी परड्यात परत येत नाहीत. दूध सहाच्या आत डेअरीत गेलं पाहिजे.

६:२०

लाइट गेली.

मावशी धावत नाहीत. चुलीवर पाणी तापतच होतं. ते दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत भरतात, फडक्यात गुंडाळतात, झाकण एका बाजूने बोटभर उचलून आत सरकवतात. पेटीवर गोधडी. एवढ्या शेवटाला आलेल्या अंड्यात पिल्लाची स्वतःचीच ऊब असते, त्यामुळे तासभर निघतो. पहिल्या आठवड्यात गेली असती तर काळजी होती.

आपण पाटण तालुक्यात आहोत. वरच्या अंगाला कोयना धरण आहे. तिथून निघालेल्या मोठ्या तारा परड्यातून दिसतात, डोंगराच्या कडेने सरळ पुढे गेलेल्या.

सून विळा आणि पाण्याची बाटली घेऊन निघते. शाळू काढायला जायचंय, तीनशे रुपये रोज. "आत्या, तुमी न्हाई येत?" मावशी पेटीकडे बोट दाखवतात. आजचे तीनशे बुडाले.

लाइट सात वाजून पाच मिनिटांनी येते. आकडा ३५.९ वर उतरलेला असतो, बघता बघता चढतो. तोवर एक पिल्लू बाहेर पडलेलं, ओलं, मान टाकून पडलेलं. मेलंय की काय? तेवढ्यात ते पाय झाडतं.

८:००

बदकं सोडली. चार अंडी मिळाली, पांढरट हिरवी, कोंबडीच्या अंड्याहून मोठी. चिखल लागलेली दोन वेगळी ठेवली, ती खायला. उबवायचं अंडं धूत नाहीत. धुतलं की वरचा नैसर्गिक थर जातो आणि घाण आत शिरते. बाकी दोन तांदळाच्या डब्यात, निमुळतं टोक खाली करून. उबवायची अंडी आठवडाभर टिकतात, नंतर जोर कमी होतो.

९:१०

पडवीच्या कोपऱ्यात पाटी आहे. पाटीत राख, त्यावर भाताचा पेंढा, निरगुडीचा पाला आणि एक गंजका खिळा. राख आणि पाला उवांसाठी. खिळा आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून. माघात आभाळ कुठलं गडगडतंय, पण खिळा असतो.

पाटीत लाल कोंबडी बसलीय, अकरा अंड्यांवर. तिचाही आज एकविसावा. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते. पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात दाणे, पाणी, एक मोठी घाण विष्ठा, मातीत लोळणं आणि परत. आज उठत नाही. मावशी हात खाली घालतात तर ती चोच मारते. हात बाहेर येतो तो रक्ताच्या ठिपक्यासह आणि अर्ध्या कवचासह.

"निघालंय एक. आता ही उठायची न्हाई."

पोल्ट्रीतली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. ती खुडूक बसत नाही. निवड करत करत तिच्यातून ते काढूनच टाकलंय. मावशींच्या गावठी कोंबडीची वर्षाची अंडी साठ-सत्तर. बारा-पंधरा घालते आणि बसते. शेजारची बाई अशा कोंबडीच्या नाकात पीस ओवते, खुडूक मोडायला, म्हणजे ती लवकर पुन्हा अंड्यावर येते. मावशी तसं करत नाहीत. अंडं दहा रुपयाला जातं. त्याच अंड्यातून नर निघाला आणि आखाडापर्यंत जगला तर सहाशेला जातो. मोडायचं कशाला?

पाण्याची वाटी त्या कोंबडीच्या तोंडाशी धरतात. ती पिते.

१०:४५

पशुसखी येते. गावातलीच लेक, गावातच दिलेली. खांद्याला थर्मास, त्यात बर्फ, बर्फात मानमोडीवरच्या लासोटा लशीची बाटली. शंभर डोस. पावडरीत पाणी मिसळलं की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून तिने सकाळीच चार घरी सांगून ठेवलंय.

"काकी, किती हायत?"

"सतरा. सहा दिसांची."

डालग्याखालची पिल्लं एकेक काढायची. मावशी मुठीत धरतात, डोकं आडवं करतात. पशुसखी डोळ्यात एक थेंब सोडते. पिल्लू डोळा मिटतं. ते उघडेपर्यंत थांबायचं, थेंब आत गेला पाहिजे. मग दुसऱ्या डालग्यात. बोलणं नाही. सतरा पिल्लांना दहा मिनिटं लागतात. पिल्लामागे दोन रुपये. मावशी पन्नासची नोट देतात, सुट्टे नाहीत, सोळा रुपये पुढच्या खेपेला.

या चौतीस रुपयांमागे एक आठवडा आहे. तीन वर्षांपूर्वी मानमोडी आली. आधी हिरवी हगवण, मग पंख लोंबले, मग माना वाकड्या. एकोणीस कोंबड्यांतल्या तीन उरल्या. मेलेल्या लांब नेऊन पुरल्या, चुना टाकून. त्या तिघींपैकी एक आज पाटीत बसलीय.

"बदकांना?"

"त्यांना ही लस न्हाई लागत. त्यांचा रोग येगळा."

पशुसखी चहा घेत नाही. बर्फ वितळतोय.

१२:१५

पेटीत अकरा. वाळलेली पिल्लं न फुटलेल्या अंड्यांवरून चालतात, ठोकरतात, गडबडतात. त्यांना अजून दाणा-पाणी नाही. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस निघतं. हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून एसटीने पाठवतात ते याच भरवशावर.

कालचं भोक पडलेलं बदक अजून तसंच. मी काचेशी बसलोय. ते श्वास घेतं, एवढं दिसतं.

बाहेर एकदम कोंबड्यांचा आवाज बदलतो. लांब ओढलेला एकच सूर. परड्यातली पिल्लं क्षणात नाहीशी होतात. काही करवंदीत, काही आईखाली, एक उलट्या घमेल्याखाली. घार कौलांवरून सरकत जाते. मावशी हातातली भाकरी न ठेवता दारात येतात, ओरडतात, परत जाऊन जेवतात.

२:००

मोटरसायकल येते. मागे दोन्ही अंगांना तारेचे पिंजरे, त्यात पाच-सहा कोंबड्या. गडी चाळिशीचा, खिशाला ताणकाटा लटकवलेला. परड्यात शिरतानाच त्याची नजर दोन तांबड्या नरांवर जाते.

"आक्का, जोडी दे. नऊशे."

"आखाडात ये. तवा एकाचे सातशे."

"आखाडापतूर जगायला पाहिजेत."

"तुझ्या पिंजऱ्यात जगत न्हाईत. माझ्या परड्यात जगत्यात."

तो हसतो. मग खरा सौदा सुरू होतो, तो कुरडूच्या रोपाशी बसलेल्या म्हाताऱ्या कोंबडीचा. तिने दिवाळीपासून अंडं दिलेलं नाही. तो ताणकाटा काढतो. मावशी म्हणतात, काटा नको. त्या कोंबडीला पायाने उचलतात, एकदा वरखाली करतात. पावणेदोन किलो, असं त्यांचं म्हणणं. तो दीड म्हणतो. काट्यावर एक सहाशे भरते. चारशेवरून साडेचारशे. मोजून घेतलेल्या नोटा मावशी कमरेच्या पिशवीत घालतात, डब्यात नाही. डब्यात दुधाचे पैसे, त्यांना घर विचारतं. या पिशवीचं कुणी विचारत नाही. यातून बचत गटाचा हप्ता, नातवाची वही, सुनेला बाळंतपणात लागलेलं इंजेक्शन. आणि पंधरा किलो भरडा.

आज निघणारी पिल्लं फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे चार महिने ओलांडून आखाडात येतील. नर तोवर किलो-सव्वा किलोचे होतात. त्यानंतर श्रावण, महिनाभर कुणी विचारत नाही. म्हणून माघातली अंडी चुकवायची नसतात. हे कालनिर्णयवर लिहिलेलं नाही.

३:३०

ओढ्याला गुडघाभर पाणी आहे. काळ्या कोंबडीमागून सात बदकपिल्लं येतात, सोळा दिवसांची. तिच्याखाली मागच्या महिन्यात बदकाची अंडी ठेवली होती. तिने सात दिवस जास्त बसून ती काढली.

पाणी दिसलं की ती पिल्लं तिला विचारत नाहीत. कोंबडी काठावर थांबते, पिसं फुलवते, पुढे-मागे धावते, ओरडते. गावातली पोरं हे बघायला मुद्दाम येतात. मावशींना त्यात गंमत दिसत नाही, त्या मनातल्या मनात वेळ मोजत असतात. बदकीण आपल्या पिल्लांना पोटाखाली घेते तेव्हा तिच्या पिसांचं तेल त्यांच्या लवेला लागतं. कोंबडीकडे ते तेल नाही. त्यामुळे तिची बदकं भिजतात ती आतपर्यंत भिजतात, आणि भिजलेलं पिल्लू संध्याकाळच्या गारठ्यात आखडतं. दहा मिनिटं झाली की मावशी भरड्याचा डबा वाजवतात. सातही बाहेर. उन्हात पोत्यावर बसवून ठेवायची, वाळेपर्यंत.

भरडा पाण्यात कालवलेला, कारण कोरडा खाल्ला तर बदकाच्या घशात अडकतो. बाजूला खोलगट भांडं. नाकपुड्या बुडवून धुता येतील एवढं पाणी त्यांना लागतं. मावशी मुठीत भरडा घेऊन वास घेतात. मका बुरशीचा निघाला तर कोंबडी एखादवेळ पचवते, बदक मरतं. मागे पावसाळ्यात पाच गेली, तेव्हापासून आधी वास.

५:००

बांधावर वारूळ आहे. काल संध्याकाळी तिथे मडकं उपडं घातलं होतं, आत शेणाच्या गोवऱ्यांचे तुकडे आणि ओलं गोणपाट. मावशी ते उचलतात. गोणपाट वाळवीने पांढरं झालंय. परड्यात झटकलं की कोंबड्यांची झुंबड उडते. सहा दिवसांच्या पिल्लांसाठी एक फडकं वेगळं झटकतात. बाजारातलं पिल्लांचं खाद्य चाळीस-पंचेचाळीस रुपये किलो. वाळवी फुकट, आणि पिल्लं तिच्यावर लवकर पंख धरतात, असं त्या म्हणतात. मडक्यात नवीन शेण, नवीन ओलं पोतं, पुन्हा वारुळाशी.

६:४५

कोंबड्या आपोआप खुराड्यात शिरतात. बदकं शिरत नाहीत, त्यांना काठीने वळवावं लागतं. कोंबड्या वीस. सकाळच्या बावीसांतली एक पिंजऱ्यात गेली. एक कुठेय?

बॅटरी घेऊन शोध. गोठ्यामागे, सरपणात, फणसाखाली. शेवटी गवताच्या गंजीत सापडते, पसरून बसलेली. खाली चार अंडी, कुणाला माहीत नसलेली. मावशी शिवी घालतात, प्रेमाने नाही. गंजीत रात्री उदमांजर फिरतं. कोंबडी बगलेत, अंडी पदरात.

७:४०

आता पेटी उघडायची. पेटीत कोंबडीची एकोणीस, बदकाची सहा. कालचं भोकवालं बदक त्यात आहे, सर्वांत ओलं. बदकाची तीन अंडी नुसती टोचलेली, ती आत राहू देतात. काही कोंबडीची हललेली नाहीत, त्यांना परवापर्यंत मुदत.

लाल कोंबडीखाली नऊ निघाली. तिच्या पोटाखाली अजून जागा आहे. दिवे घालवतात. मावशी अंधारात पेटीतलं एकेक पिल्लू घेतात आणि मागच्या बाजूने तिच्याखाली सरकवतात. पाच. कोंबडी घुमल्यासारखा आवाज काढते, सरकते, जागा करते. हे दिवसा केलं तर ती परकं ओळखते आणि टोचून मारते.

उरलेली वीस ब्रूडरमध्ये. ब्रूडर म्हणजे पत्र्याचं जुनं पिंप, आडवं कापलेलं, वर बल्ब. खाली गोणपाट. कागद घातला तर पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. बल्ब किती वर टांगायचा याला मोजमाप नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठा, कडेला पळाली तर ऊन, पसरून झोपली तर बरोबर. मावशी दोरी दोन बोटं खाली सोडतात.

पहिलं पाणी उकळून गार केलेलं, गुळाचं. ताटलीत गोटे टाकून, म्हणजे कुणी बुडणार नाही. प्रत्येकाची चोच एकदा बुडवायची. एकाला दाखवलं की बाकीची बघून शिकतात, तरी त्या सगळ्यांची बुडवतात. बदकांची वाटी वेगळी, नाहीतर ती पाच मिनिटांत सगळं पिंप ओलं करतात.

८:३०

दुसरी पाटी, दुसरी कोंबडी, सातवा दिवस. मोबाइलची बॅटरी मुठीत, मुठीच्या भोकावर अंडं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा, मधे हलणारा ठिपका. बरं आहे. पुढचं. बरं. पुढचं स्वच्छ, नुसता पिवळा उजेड. वांझ. असली तीन निघतात. ती उकडून, कुस्करून उद्या पिंपातल्या पिल्लांना.

मावशींची पाठ आता वाकत नाही. त्या भिंतीला टेकून पाय पसरतात आणि गंजीतली चार अंडी कानाशी हलवून बघतात. एक डचमळतं. तीन डब्यात.

९:१५

मालक देवळातून येतात. सूनबाई भाकऱ्या वाढते. तिच्या हातांना शाळूच्या पानांचे बारीक काप आहेत. नातू मागच्या खोलीतून हलत नव्हता, त्याला ओढून पाटावर बसवलंय.

"काय, किती निघाली?" मालक विचारतात.

"निघाली पंधरा-सोळा."

"अगं आज्जी, चौती—"

मावशी त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकतात. "गप जेव. निवतीया."

मालक आमटीत भाकरी कुस्करतात. "बरी निघाली मग," ते म्हणतात, आणि सुनेला सांगतात की उद्या पाटणला जाताना चाळीसचे दोन बल्ब आणायला लाव कुणाला तरी, पिंपावरचा लुकलुकतोय.